घोळणा फुटला की मान पुढं

शनिवारची सकाळची शाळा, मार्च संपत आलेला. मैदानावर कवायत चालली होती आणि पाचवीच्या रांगेतल्या एका पोराचा पांढरा सदरा बघता बघता छातीवर लाल झाला. घोळणा फुटला होता, म्हणजे नाकातून रक्त येत होतं. मी धावले आणि पहिलं काम काय केलं, तर त्याची हनुवटी धरून मान मागं केली. "वर बघ, आभाळाकडं बघ." तोवर शिपाईमामांनी टाकीतलं तांब्याभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. अक्षर दासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघरातल्या मावशी बुक्कीनं कांदा फोडून घेऊन आल्या आणि त्याच्या नाकाशी धरला. एका सरांनी त्याला व्हरांड्यात आडवं केलं. पाच-सात मिनिटांनी पोरानं भडाभडा उलटी केली, उलटीत काळपट रक्ताच्या गाठी. मावशींनी गळाच काढला. नाकातलं आता पोटातनं यायला लागलं, पोरगं हाताला लागत नाही, असं म्हणत.

पोराला काही झालं नाही. त्याचा बाप मोटारसायकलवरून आला, "काय गा, पुन्हा नाकात बोट घातलंस व्हय?" म्हणाला आणि घेऊन गेला. पण ते पोटातलं रक्त आम्हीच तिथं धाडलं होतं, हे मला महिनाभरानं कळलं. बेळगावात कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांकडं माझ्याच कानासाठी गेले होते, बोलता बोलता हा किस्सा निघाला. ते म्हणाले, "आता घोळणा फुटला तर नाक कसं दाबाल, दाखवा बघू." मी दोन बोटांनी नाकाच्या वरच्या बाजूला, चष्मा टेकतो तिथं, घट्ट धरलं. ते हसले. "बाई, हे हाड आहे. हाड दाबून काय थांबणार? खाली या."

खाली म्हणजे कुठं, हे आपल्या भाषेनं कधीच सांगून ठेवलंय. घोळणा म्हणजे नाकपुड्यांजवळचा मऊ, मांसल भाग. नाकाच्या दांडीवरून बोट खाली आणा. आधी टणक हाड लागतं, मग एकदम मऊ होतं. तिथून खालचं सगळं नाक चिमटीत सापडतं. रक्त येतं ते बहुतेक वेळा तिथूनच.

त्याचं कारण असं. नाक हे नुसतं हवेचं भोक नाही. बाहेरची हवा कोरडी असो, गार असो, फुप्फुसात जाण्याआधी ती कोमट आणि ओलसर करायचं काम नाकाकडं आहे. त्यासाठी आतल्या अस्तराखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं लागतं. दोन नाकपुड्यांच्या मध्ये जो पडदा असतो, त्याच्या पुढच्या भागात तर चार-पाच वेगवेगळ्या धमन्यांची टोकं येऊन एकमेकींत मिसळतात. या जागेचं वर्णन अमेरिकेतले शल्यचिकित्सक जेम्स लिटल यांनी १८७९ साली केलं आणि जर्मनीतले विल्हेल्म किसेलबाख यांनी १८८४ साली. म्हणून डॉक्टर लोक आजही तिला लिटलची जागा किंवा किसेलबाखचं जाळं म्हणतात. तिथलं अस्तर अतिशय पातळ, खाली मांसाची गादी नाही, थेट कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड. वाहिन्या अगदी वरवर. नख लागलं, जोरात शिंकरलं, अस्तर कोरडं पडून तडकलं की रक्त सुटतं. दहापैकी साधारण नऊ घोळणे इथलेच असतात. आणि ही जागा बोटांच्या चिमटीत येते, हे आपलं नशीब.

आता मान मागं केली तर काय होतं? नाक मागच्या बाजूनं घशात उघडतं. मान मागं गेली की रक्त थांबत नाही, फक्त वाट बदलतं. बाहेर यायचं ते घशात उतरतं, दिसेनासं होतं आणि आपल्याला वाटतं, थांबलं. गिळलेलं रक्त पोटाला सोसत नाही, मळमळतं, मग उलटी होते. उलटीच्या जोरानं, आवळून, डोक्याकडं रक्ताचा दाब वाढतो आणि नाकातलं पुन्हा सुरू. आडवं झोपवलं तरी तेच. त्यातून म्हातारं किंवा अर्धवट शुद्धीतलं माणूस असेल तर रक्त श्वासनळीत जाऊन गुदमरायचाही धोका असतो. म्हणून बसवायचं, सरळ बसवायचं आणि कंबरेतून जरा पुढं वाकवायचं. पायाशी घमेलं, ताट, जे असेल ते. तोंडात आलेलं रक्त गिळायचं नाही, थुंकायचं. शाळेत तर मी सरळ म्हणते, मैदानावरच बस आणि मातीत थुंक, स्वच्छता मागनं बघू.

मग चिमटी. अंगठा आणि पहिलं बोट, हाड संपतं तिथून खाली, दोन्ही नाकपुड्या एकत्र, एकाच बाजूनं रक्त येत असलं तरी. मधल्या पडद्यावर दोन्हीकडून दाब बसला पाहिजे, एवढ्यासाठी. इतपत घट्ट की हवा जाता कामा नये, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत पिळायचंही नाही. श्वास तोंडानं. मोठं माणूस आपलं आपण धरू शकतं. लहान मूल घाबरलेलं असतं, त्याला मांडीवर बसवून, त्याची पाठ आपल्या छातीला लावून, मोठ्यानं धरावं. बोलायला लावू नये. रडण्यानं चेहऱ्याकडं रक्त धावतं, तेव्हा ओरडूनही उपयोग नाही.

आणि दहा मिनिटं. घड्याळ लावून.

सगळं जमतं, हेच जमत नाही. एक मिनिट झालं की हात सोडून बघायचं, थांबलं का? दोन मिनिटांनी परत. मी स्वतःवर प्रयोग केलाय, नाक दाबून घड्याळाकडं न बघता बसले आणि दहा मिनिटं झाली असं वाटल्यावर बघितलं, तर चार झालेली. घाबरलेल्या माणसाला ती चारही वाटत नसणार. मोबाईलवर अलार्म लावा, नाहीतर भिंतीवरचं घड्याळ समोर येईल असं बसा. आजूबाजूची माणसं "बघ की जरा, थांबलं काय" म्हणणारच. त्यांना घड्याळ बघायचं काम द्यावं.

हे दहा मिनिटांचं गणित आपल्या उसाच्या पट्ट्यात कुणालाही कळेल. दारं धरायला गेलेल्या माणसाला विचारा. सरीत पाणी सोडलेलं असतं आणि मध्येच पाटाची कड फुटते. तो काय करतो? चिखलाचा मोठा ढेकूळ टाकतो आणि त्यावर पाय देऊन उभा राहतो. माती बसेपर्यंत हलत नाही. बसली का बघायला पाय उचलला, की पाणी आधी टाकलेली मातीही घेऊन जातं. नाकात असंच चालतं. वाहिनीला भोक पडलं की रक्तातल्या बारीक चपट्या पेशी, ज्यांना आपण प्लेटलेट म्हणतो, त्या धावून येऊन तिथं एकमेकींना चिकटतात. हा पहिला चिखल. मग रक्तातली प्रथिनं एकापाठोपाठ एक जागी होत फायब्रिन नावाचे धागे तयार करतात आणि ते धागे त्या चिखलाला जाळीत बांधतात. या कामाला काही मिनिटं लागतात. आपली चिमटी फक्त तेवढा वेळ प्रवाह अडवून धरते. बाकीचं काम रक्तच करतं. मध्ये हात सोडला की पहिल्या मिनिटापासून मोजायचं.

दहा मिनिटांनी हळूच सोडा. येतच असेल तर आणखी दहा. एवढ्यावर बहुतेक घोळणे थांबतात. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास असं नीट दाबूनही थांबत नसेल तर मग दवाखाना. इथं "नीट दाबून" हे महत्त्वाचं आहे. मध्ये सहा वेळा सोडलेली वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं नव्हेत.

आता कांद्याचं. कांदा हुंगवायचा, दूर्वांचा रस नाकात पिळायचा, डाळिंबाच्या फुलाचा रस घालायचा, टाळूवर पाणी मारायचं, हे आपल्याकडं घरोघरी आहे. माझी आजीही करायची आणि तिच्या हातून घोळणे थांबायचेही. कारण बरेचसे घोळणे काही न करताही थांबतात. पाण्यानं नुकसान नाही, पण पाणी मारणारा माणूस नाक दाबत नसतो, ही अडचण. कांद्यानं शिंक आली तर बसत आलेली गाठ उडून जाते. रस, हळद, तंबाखूची पूड, चिंधी, कापसाचा बोळा, कागदाची गुंडाळी, यातलं काहीही आत घालू नये. बोळा रक्तात भिजून आतल्या जखमेला चिकटतो आणि ओढून काढला की खपली घेऊनच येतो. वर बर्फाचा कपडा धरला तर धरावा, बरं वाटतं. बर्फ चोखायला दिला तर पोरगं शांत बसतं, हाच मोठा फायदा. आमच्याकडं दुकानात मिळणारी बर्फाची पेप्सीची कांडी या कामाला फार चांगली, मूल दहा मिनिटं जागचं हलत नाही.

रक्त दिसतं त्या मानानं किती गेलेलं असतं? हा प्रश्न घाबरण्याच्या मुळाशी आहे म्हणून थोडं सांगते. माणसाच्या अंगात वजनाच्या दर किलोमागं साधारण ७० ते ८० मिलिलिटर रक्त असतं. २५ किलोच्या पोराच्या अंगात म्हणजे पावणेदोन-दोन लिटर. रुमाल लालभडक करायला चमचा-दोन चमचे रक्त पुरतं, आणि सदरा भिजवायला लहान कपभर पुष्कळ झालं. त्यातही पाणी मारलेलं असलं तर सगळं लालच दिसतं. दिसायला तो खून झाल्यासारखा देखावा असतो, अंगातलं रक्त मात्र फार कमी झालेलं असतं.

"उष्णता झालीय" हे मोठ्यांचं म्हणणं मी आता उडवून लावत नाही. त्यांनी बघितलेलं खरं आहे, कारण तेवढं वेगळं आहे. डोक्यात उष्णता साठून रक्त उतू जात नाही. हवा कोरडी झाली की नाकाचं अस्तर सुकतं, त्यावर खपल्या धरतात, त्या खाजतात, बोट आपोआप आत जातं आणि खपलीबरोबर अस्तरही निघतं. आपल्या बेळगाव जिल्ह्यात हवेचे दोन तुकडे आहेत. जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात अंगावरचे कपडे वाळत नाहीत, आणि अथणी, रायबाग, सौंदत्तीकडं उन्हाळ्यात ओठ फुटतात. पण मार्च-एप्रिलमध्ये सगळीकडंच हवेतला ओलावा जातो आणि थंडीतही पहाटेचा वारा कोरडा असतो. त्या दिवसांत शाळेत घोळणे जास्त, हे हजेरीपुस्तकाइतकं नियमित.

त्यात धुळीची भर. निपाणीच्या बाजूला तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांना शिंकांचं नवल नसतं. दिवसभर तोंडाला फडकं बांधलं तरी भुकटी नाकात जातेच, अस्तर लाल होऊन सुजतं. तपकीर ओढणाऱ्या म्हाताऱ्यांचं तर विचारूच नका. चिमूट चिमूट तपकीर वर्षानुवर्षं त्या नेमक्या नाजूक जागेवर बसते, आणि मग "माझं नाक उष्ण आहे" म्हणून तेच सांगतात. सर्दी-पडसं, धुळीची ॲलर्जी, नाक मोकळं करायचे थेंब आठवडेच्या आठवडे घालणं, हीही कारणं. ॲलर्जीसाठी डॉक्टरांनी नाकातला स्प्रे दिला असेल तर त्याचं तोंड मधल्या पडद्याकडं न करता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेनं करावं. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरला की ते आपोआप जमतं. एवढीशी गोष्ट, पण औषधाच्या चिठ्ठीवर कुणी लिहून देत नाही.

पोरांच्या बाबतीत नव्वद कारणं शोधण्याआधी बोट बघावं. नखं कापावीत. रात्री झोपताना नाकपुडीच्या आत, अगदी तोंडाशी, करंगळीनं व्हॅसलीनचा पुसट हात लावावा. मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात, कोरड्या दिवसांत ते दोन-तीन वेळा घातले तरी पुरतं. तुपाचे किंवा तेलाचे थेंब मात्र नाकात ओतू नयेत. ते झोपेत श्वासनळीत घसरून फुप्फुसात साठू शकतात.

थांबल्यावरचं विसरलं जातं. गाठ धरलेली असते पण कच्ची. एक-दोन दिवस नाक शिंकरायचं नाही, आतली खपली काढायची नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून शिंकायचं. ऊसतोडीवर असेल त्यानं तेवढे दिवस मोळी उचलू नये, म्हणजे निदान त्या दिवशी तरी. गरम गरम चहा, कढत पाण्याची अंघोळ, दारू, तंबाखू नको. झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्याव्यात.

इथपर्यंतचा घोळणा घरचा. आता जो घरचा नाही त्याबद्दल, आणि हे जरा निवांत वाचा.

नाकाच्या पार मागच्या बाजूला, घशाजवळ, मोठ्या धमनीच्या फांद्या आहेत. तिथून रक्त आलं तर चिमटी तिथवर पोचत नाही. हे बहुतेक वयस्क माणसांत होतं. ओळख अशी की नाक नीट दाबून, पुढं वाकून बसलं तरी घशात रक्त येतच राहतं, घोट घोट गिळावं लागतं, कधी दोन्ही नाकपुड्यांतून येतं. इथं घरी दुसरी दहा मिनिटं बघत बसू नये. १०८ ला फोन करावा. हा नंबर कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडं चालतो. गाडी येईपर्यंत माणूस बसलेलंच ठेवावं, चक्कर येत असेल तर कुशीवर झोपवावं, उताणं नाही.

बीपीचं काय, हे हमखास विचारलं जातं. नाक फुटलं, बीपी बघितलं, १७० निघालं, म्हणजे बीपीनंच फुटलं, असा हिशोब लोक मांडतात. तो इतका सोपा नाही. रक्त बघून घाबरलेल्या कुणाचंही बीपी वाढलेलंच दिसतं. जुनं बीपी असलं तर रक्त थांबायला वेळ लागू शकतो, हे मात्र खरं. म्हणून बीपी तपासून घ्यावं, पण घाबरून घरातली जास्तीची गोळी गिळू नये. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या, म्हणजे इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यातलं काही चालू असेल, तर दोन गोष्टी. एक, अशा माणसानं अर्धा तास थांबायचं नाही, नाक दाबत दाबतच दवाखान्याकडं निघायचं. दुसरी, त्या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसानं नाकातल्या चमचाभर रक्ताला भिऊन गोळी सोडली आणि स्टेंट बंद पडला, तर तो सौदा फार महाग पडतो.

मार लागला असेल तर वेगळं बघावं. आपल्याकडं गावोगावी तालमी, जत्रेतली कुस्तीची मैदानं. कोपर किंवा डोकं नाकावर बसणं नेहमीचंच. रक्त थांबतं, पैलवान माती झाडून उठतो, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही नाकपुड्या बंद, आत लालसर-जांभळी मऊ सूज, ठणका. हे साधं सुजणं नसू शकतं. मधल्या पडद्याच्या कूर्चेवर रक्त साठलेलं असतं. कूर्चेला रक्तपुरवठा वरच्या आवरणातून मिळतो, ते आवरण साठलेल्या रक्तानं उचललं गेलं की कूर्चा दोन-चार दिवसांत मरायला लागते, त्यात पू होतो, पुढं नाक खोगिरासारखं बसतं. ते साठलेलं रक्त डॉक्टर छोटा छेद देऊन काढतात. म्हणून मारानंतर नाक बंद होत चाललं असेल तर त्याच दिवशी दाखवावं. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला असेल आणि नाकातून रक्ताबरोबर पाण्यासारखं पातळ काही येत असेल, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. तिथं आत काही कोंबू नये, शिंकरू नये, सरळ मोठा दवाखाना.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा, रक्तमिश्रित शेंबूड येत असेल तर आत काहीतरी अडकलंय असं समजावं. शेंगदाणा, मणी, खडू यांना दोन तास इकडंतिकडं चालतं. खेळण्यातली गोल चपटी बटण-बॅटरी असेल तर ती काही तासांत आतलं मांस जाळते. स्वतः चिमट्यानं काढायला जाऊ नये. दोन वर्षांखालच्या बाळाचं नाक फुटलं तर एकदाच फुटलं तरी डॉक्टरांना दाखवावं, त्या वयात ते सहसा होत नाही. वयात येणाऱ्या मुलाला एकाच बाजूनं पुन्हा पुन्हा रक्त येतंय आणि ती बाजू बंदही वाटतेय, किंवा मोठ्या माणसात तसं होतंय, तर आत गाठ नाही ना हे दुर्बिणीतून बघून घ्यावं. आणि घोळण्याबरोबर हिरड्यांतून रक्त, अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग, किंवा घरात आणखी कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास, असं असेल तर रक्ताचीच तपासणी लागते.

ताप असेल तर कान टवकारावेत. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंगीत प्लेटलेट कमी होतात आणि नाक-हिरड्यांतून रक्त येऊ शकतं. खानापूर भागातल्या लोकांनी आणखी एक लक्षात ठेवायचं आहे, माकडताप. हा १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, गोचिडांमुळं पसरतो, आणि २०१५-१६ च्या सुमाराला गोव्यात सत्तरीकडं आणि सिंधुदुर्गात दोडामार्गकडंही आढळला. काजूच्या हंगामात आपल्याकडची माणसं तिकडंच कामाला जातात. तिथून आल्यावर सणकून ताप, अंग मोडून येणं आणि नाकातून रक्त, असं झालं तर डॉक्टरांना कुठल्या रानात काम केलं ते आवर्जून सांगावं. अशा तापात ॲस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या नकोत, त्या रक्त आणखी वाहवतात. पॅरासिटामॉल चालतं.

आणि साप. उसात काहीतरी चावल्यासारखं झालं, पण बघितलं नाही, आणि तासा-दोन तासांनी हिरड्यांतून, नाकातून रक्त झिरपायला लागलं, तर तो घोळणा नव्हे. घोणस आणि फुरशाचं विष रक्ताची गोठायची ताकदच मारतं. तिथं चिमटीचा उपयोग नाही, विषावरचं इंजेक्शन असलेला दवाखानाच पाहिजे. तिथं गेल्यावर थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग गोठलं का बघतात. तेही घड्याळ लावूनच.

दवाखान्यात नाकाचं काय करतात, ही भीती अनेकांना घरी बसवते. बहुतेकदा आधी नाक साफ करून फुटलेली जागा बघतात, बधिर करायचं औषध लावतात आणि सिल्व्हर नायट्रेटची काडी टेकवून ती वाहिनी जाळून टाकतात. चरचरतं, पण मिनिटाचं काम. नाहीच थांबलं तर नाकात पट्टी किंवा स्पंज भरतात, तो दोन-तीन दिवस ठेवतात. ते दिवस सुखाचे नसतात, डोकं जड राहतं, तोंड कोरडं पडतं. मागच्या बाजूचं असेल तर फुगा बसवतात, आणि अगदी हट्टी असेल तर दुर्बिणीतून ती धमनीच बांधतात.

आपला भाग असा की, कणकुंबीकडचा माणूस बेळगावला सिव्हिलला यायला घाटरस्त्यानं निघणार, अथणी-चिकोडीकडचा मिरजेला जाणार, निपाणीचा कोल्हापूर धरणार. प्रत्येक वाटेत वेळ जातो, आणि तो सगळा वेळ कुणीतरी नाक धरून बसलेलं पाहिजे, गाडीतही. चालू असलेल्या गोळ्यांची पानं पिशवीत टाकावीत. नावं आठवत नाहीत, पण पान दाखवलं की भाषा आडवी येत नाही.

भाषेचंही सांगून ठेवते. १०८ च्या फोनवर किंवा रात्रीच्या ड्यूटीवरच्या सिस्टर कानडी बोलणाऱ्या असल्या की आपले लोक गडबडतात आणि नुसतं "रक्त, रक्त" म्हणतात. रक्त कानडीतही रक्तच, पण कुठून ते सांगायला हवं. "मूगिनिंद रक्त बरताइदे", नाकातून रक्त येतंय. "इन्नू निंतिल्ल", अजून थांबलेलं नाही. गोळीला इकडच्या कानडीत गुळिगे म्हणतात, तेवढं म्हणून पान पुढं करावं. त्या पहिला प्रश्न विचारतील तो "एष्टु होत्तायितु?", किती वेळ झाला. पहिल्या मिनिटाला घड्याळ बघितलेलं असेल तर उत्तर तयार असतं. अर्धा तास झाला म्हणायचं तर "अर्ध तासु आय्तु". तास इकडच्या कानडीत तासच आहे.